युरोप, सोयाबीन आणि प्रथिनांची उसनवारी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युरोपात वनस्पतिजन्य प्रथिनांचं उत्पादन वाढवण्यासाठी गेली दहा-पंधरा वर्षं धडपड चालली आहे. त्यातला सगळ्यात शिकण्यासारखा भाग डॅन्यूब नदीच्या खोऱ्यात घडतो आहे, म्हणून इथे त्याला जास्त जागा दिली आहे. शेती, पशुखाद्य आणि अन्नप्रक्रिया या क्षेत्रांतले मराठी वाचक साधारण जे विचारतात, ते प्रश्न खाली आहेत.

युरोपात प्रथिनांचा तुटवडा? तिथे तर दूध, मांस, अंडी भरपूर आहेत.

भरपूर आहेत, आणि तुटवडा त्यांच्यामुळेच आहे. माणसांच्या ताटात प्रथिनं कमी नाहीत. डुकरं, कोंबड्या आणि दुभत्या गाई यांना जी पेंड लागते, ती युरोप पुरेशी पिकवत नाही. युरोपीय आयोगाने नोव्हेंबर २०१८ मध्ये या विषयावर अहवाल काढला. त्यानुसार युरोपीय संघ दरवर्षी सुमारे १ कोटी ७० लाख टन कच्ची प्रथिनं (म्हणजे मालातल्या नत्रावरून मोजलेली एकूण प्रथिनं) बाहेरून आणत होता आणि त्यातली १ कोटी ३० लाख टन एकट्या सोयाबीनची होती. स्वयंपूर्णतेचे आकडे पिकागणिक फार वेगळे आहेत: रेपसीड (मोहरीच्या जातीचं तेलबी) ७९ टक्के, सूर्यफूल ४२ टक्के, सोयाबीन ५ टक्के.

यावरून 'युरोप प्रथिनांसाठी सर्वस्वी परावलंबी' अशी वाक्यं वर्तमानपत्रांत येतात, ती मात्र चूक आहेत. गवत, मका-चारा, धान्य हे सगळं धरलं तर जनावरांना लागणाऱ्या प्रथिनांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश प्रथिनं युरोपातच तयार होतात. घोडं अडतं ते जास्त प्रथिनं असलेल्या पेंडीपाशी. तिथे घरचा वाटा एक-तृतीयांशही भरत नाही.

ही वेळ आली कशी?

उत्तर लांबलचक आहे, पण तेच कळलं नाही तर पुढचं काहीच कळत नाही.

१९६०-६२ मध्ये जागतिक व्यापाराच्या वाटाघाटींची 'डिलन फेरी' झाली. तेव्हाच्या युरोपीय आर्थिक समुदायाला आपल्या गव्हाला आणि दुधाला आयातीपासून संरक्षण द्यायचं होतं. अमेरिकेने ते चालवून घेतलं आणि बदल्यात तेलबिया व पेंड शून्य शुल्काने आत येऊ देण्याचं वचन घेतलं. त्या वेळी हा सौदा किरकोळ वाटला असावा. पण घरचं धान्य महाग आणि समुद्रापलीकडची पेंड स्वस्त म्हटल्यावर पशुपालनाने आपली जागाच बदलली. रॉटरडॅम आणि हॅम्बर्गच्या मागे, फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात ब्रेस्त आणि लोरियाँ या बंदरांच्या आसपास, स्पेनच्या कॅटलोनियात तारागोना-बार्सिलोनाच्या पाठीशी डुकरं-कोंबड्यांचे पट्टे उभे राहिले. जिथे जहाज लागतं तिथे गोठा, असा हिशेब झाला. जिथे पीक निघतं तो भाग बाजूला राहिला.

मग १९७३ उजाडलं. पेरूच्या किनाऱ्यावर अँकोव्ही मासे मिळेनासे झाले, मासळीची भुकटी दुर्मीळ झाली आणि सगळं जग सोयाबीनवर तुटून पडलं. भाव भडकले तसे निक्सन सरकारने जूनअखेर सोयाबीनची निर्यातच रोखली. बंदी लवकरच सैल झाली, पण धडकी भरायची ती भरली. जपानने पुढे ब्राझीलच्या सोयाबीनमध्ये पैसा घातला. फ्रान्सने प्रथिनपिकांचा कार्यक्रम आखला. समुदायाने वाटाणा आणि फाबा बीन या थंड हवेतल्या कडधान्याला भावाचं पाठबळ दिलं आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला उत्तर फ्रान्समध्ये वाटाण्याचं क्षेत्र खरोखर फोफावलं.

१९९२ मध्ये पुन्हा एक करार झाला. वॉशिंग्टनच्या 'ब्लेअर हाउस' या सरकारी अतिथिगृहाचं नाव त्याला मिळालं. त्यात युरोपने अनुदानित तेलबियांच्या क्षेत्रावर मर्यादा मान्य केली. त्या समजुतीचा उल्लेख आजही युरोपच्या शेती अनुदानाच्या नियमावलीत आहे. दरम्यान, वाटाण्याला मिळणारं खास पाठबळ कमी होत गेलं, आणि त्याच त्या शेतात वाटाणा घेऊन जमिनीत अफॅनोमायसिस ही मूळकूज बसली. ती एकदा शिरली की वर्षानुवर्षं हलत नाही. वाटाणा ओसरला.

थोडक्यात, या तुटवड्यात हवामानाचा वाटा थोडा आणि वाटाघाटींच्या टेबलाचा मोठा आहे.

सगळे सोयाबीनच्याच मागे का? वाटाणा, फाबा बीन, ल्युपिन तर युरोपात आधीपासून आहेत.

सोयाबीनमध्ये ४० टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात, तेल काढल्यावर पेंडीत ती ४४ ते ४८ टक्क्यांपर्यंत जातात. वाटाण्यात २० ते २५, फाबा बीनमध्ये २५ ते ३०. ल्युपिन हे आणखी एक द्विदल त्याच्या वर असतं, पण त्याचं क्षेत्र नगण्य आहे. शिवाय सोयाबीनच्या प्रथिनांची घडण कोंबडी-डुकरांना मानवते. प्रथिनं ज्या अमिनो आम्लांची बनतात, त्यांतलं लायसिन वाटाण्यात चांगलं, पण मेथिओनिन कमी. ते वेगळं घालावं लागतं. पशुखाद्याचं सूत्र आज संगणक ठरवतो आणि संगणकाला ज्यात रुपयामागे प्रथिन जास्त तेच दिसतं. तिथे रुपयाऐवजी युरो म्हणा, एवढंच.

तरी कोरडवाहू आणि थंड भागात वाटाणा-फाबाच योग्य, हे मान्यच करायला हवं. स्कॉटलंड, डेन्मार्क, बाल्टिक देश इथे सोयाबीनचा हट्ट धरण्यात अर्थ नाही.

पण सोयाबीन युरोपात येतं का?

येतं, आणि हा शोध नवा नाही. १८७३ मध्ये व्हिएन्नात जागतिक प्रदर्शन भरलं. तिथे चीन-जपानकडून आलेलं सोयाबीनचं बियाणं फ्रीड्रिश हाबरलांट या कृषी-प्राध्यापकाने मिळवलं. १८७५ पासून त्याने ते ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यात ठिकठिकाणच्या सहकाऱ्यांना वाटून चाचण्या घेतल्या आणि १८७८ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. त्याच वर्षी तो वारला आणि काम मागे पडलं. प्रादेशिक सहकार्य म्हणून आज जे सांगितलं जातं, त्याचा नकाशा जवळपास तोच आहे, हे मला गमतीचं वाटतं.

अडचणी दोन. सोयाबीन दिवसाच्या लांबीप्रमाणे फुलतं. उत्तरेकडे उन्हाळ्यात दिवस लांब, त्यामुळे दक्षिणेचं वाण तिथे नुसतं वाढत राहतं आणि पाऊस-थंडी आली तरी पिकत नाही. म्हणून पक्वतेचे गट पाडले आहेत: ०००, ००, ०, १ असे. जितकी शून्यं जास्त तितकं वाण लवकर येणारं. उत्तर जर्मनीत हॅनोव्हरकडे ०००, सर्बियाच्या व्होइव्होदिनात ० किंवा १. दुसरी अडचण जिवाणूंची. युरोपच्या मातीत सोयाबीनच्या मुळांवर गाठी धरवणारं ब्रॅडिरायझोबियम मुळात नाही. बीजप्रक्रिया नीट झाली नाही तर पीक पिवळं पडतं. आपल्याकडे जिवाणू संवर्धकाचं पाकीट बऱ्याचदा शेतकऱ्याच्या घरी कोनाड्यातच राहतं. तिथे पहिल्या वर्षी ते विसरलं की पीक गेलंच.

वाण तपासण्याचं काम काही वेळा मजेदार पद्धतीने झालं. २०१६ मध्ये फ्रायबुर्गची टोफू बनवणारी टायफून कंपनी आणि होहेनहाइम विद्यापीठ यांनी जर्मनीभर हजारावर हौशी लोकांना बियाणं पाठवलं. लोकांनी परसबागेत सोयाबीन लावलं, फुलोरा-शेंगांच्या नोंदी केल्या आणि दाणे परत पाठवले. उत्तरेत कोणता वाणवंश टिकतो याची माहिती एवढ्या ठिकाणांहून एका हंगामात गोळा करणं एखाद्या सरकारी केंद्राला जड गेलं असतं.

यात 'प्रादेशिक सहकार्य' कशाला हवं? प्रत्येक देशाने आपापलं पिकवावं की.

सगळा विषय याच प्रश्नाभोवती फिरतो.

ज्या प्रदेशाकडे जनावरं आहेत त्याच्याकडे सोयाबीनला साजेशी जमीन-हवा नाही, आणि जिथे जमीन-हवा आहे तिथे जनावरंही कमी आणि गिरण्याही कमी. नेदरलँड्स किंवा ब्रिटनी स्वतःपुरती सोयापेंड पिकवू शकत नाहीत. उलट सर्बियाचा व्होइव्होदिना, क्रोएशियाचा स्लाव्होनिया, हंगेरी, रुमानिया, मोल्दोवा इथे पीक उत्तम येतं, पण ते थेट ऑस्ट्रिया आणि जर्मनीतल्या बव्हेरियाच्या अंडी-दुधाच्या साखळीत जाऊन चांगला भाव मिळवेल अशी व्यवस्था नव्हती.

ती व्यवस्था एकट्या देशाला जमत नाही, कारण लागतं ते सगळंच सीमेपलीकडचं. बियाणं सर्बियातल्या नोव्ही सादच्या संस्थेत तयार होतं, पीक दुसऱ्या देशात निघतं, भाजणी-गाळप तिसऱ्यात, कोंबडी चौथ्यात आणि अंड्यावरचा शिक्का पाहून पैसे मोजणारं गिऱ्हाईक पाचव्यात. मधला एक जरी दुवा तुटला तरी शेतकरी पुढच्या वर्षी मका पेरतो. तो कोणाच्या जाहीरनाम्याची वाट पाहत बसत नाही.

'डोनाऊ सोया' हे सरकारी महामंडळ आहे का?

नाही. २०१२ मध्ये व्हिएन्नात स्थापन झालेली ही सदस्यसंस्था आहे. बियाणं कंपन्या, शेतकरी संघटना, गिरणीवाले, खाद्यकारखाने, सुपरमार्केट साखळ्या आणि पर्यावरण संघटना असे सगळे एका छताखाली आहेत. एरवी एकमेकांवर फिर्याद करणारी ही मंडळी एका टेबलावर बसली, ते मुख्यतः ऑस्ट्रियाच्या बाजारामुळे. ऑस्ट्रियातल्या दूध उद्योगाने २०१० पर्यंत जनुकबदल केलेलं खाद्य सोडलं होतं, अंडी आणि कोंबडी त्याच वाटेवर होती. त्यांना खात्रीचं, जवळचं आणि जनुकबदल नसलेलं सोयाबीन हवं होतं.

संस्था दोन शिक्के चालवते: 'डोनाऊ सोया' म्हणजे डॅन्यूब खोऱ्यातलं, आणि 'युरोप सोया' म्हणजे थोड्या मोठ्या वर्तुळातलं. अटी बऱ्याच आहेत: जनुकबदल नाही, जंगल किंवा गवताळ रान मोडून केलेली शेती नाही, काढणीआधी पीक वाळवण्यासाठी तणनाशकाची फवारणी नाही, आणि शेतापासून दुकानापर्यंत मालाचा माग लागला पाहिजे. नोव्ही साद, कीव्ह आणि मोल्दोवातलं किशिनाऊ इथे तिची केंद्रं आहेत. शिक्क्याचा वरचा पैसा शेवटी ग्राहक देतो. ही योजना टिकली त्यामागचं खरं कारण मला तेच दिसतं, कारण अनुदानावर उभ्या राहिलेल्या अशाच कितीतरी योजना अनुदानाबरोबर आडव्या झाल्या.

२०१७ चा युरोपीय सोया जाहीरनामा कोणाला बांधील आहे?

कोणालाच नाही. जर्मनी आणि हंगेरीने पुढाकार घेतला, ब्रसेल्समध्ये डझनाहून जास्त देशांच्या कृषिमंत्र्यांनी सह्या केल्या. सोयाबीन आणि इतर द्विदल पिकांचं संशोधन, वाणनिर्मिती, बाजारपेठ यांत एकमेकांना मदत करू, असा त्याचा आशय. निधी नाही, लक्ष्यांक नाही. तरी तो निरुपयोगी म्हणता येत नाही. त्याच्याच आगेमागे आयोगाला प्रथिनपिकांवर अहवाल तयार करावा लागला आणि २०१८ मध्ये व्हिएन्नात त्यावर परिषद भरली. युरोपीय संसद तर २०११ पासून ठराव करते आहे. २०१८ आणि २०२३ मध्ये तिने पुन्हा केले. मार्च २०२२ मध्ये, युक्रेनवर हल्ला झाल्यानंतर दोनच आठवड्यांनी, व्हर्सायला जमलेल्या राष्ट्रप्रमुखांनी वनस्पतिजन्य प्रथिनांचं उत्पादन वाढवण्याचं नाव घेऊन सांगितलं. कागद पुष्कळ आहे. हेक्टर त्यामानाने सावकाश वाढतात.

सर्बिया, मोल्दोवा, युक्रेन हे संघाचे सदस्य नाहीत. मग त्यांना यात कसं धरतात?

त्यांना वगळून हिशेबच जुळत नाही. संघाच्या सगळ्या देशांचं मिळून सोयाबीन ३० लाख टनांच्या आसपास असतं. एकट्या युक्रेनचं त्याहून जास्त. संघात इटली आघाडीवर असतो, पो नदीच्या खोऱ्यामुळे. फ्रान्स आणि रुमानिया पाठोपाठ. सर्बियात २००९ च्या कायद्याने जनुकबदल केलेल्या पिकांची लागवड बंद आहे आणि नोव्ही सादच्या क्षेत्र व भाजीपाला पीक संस्थेची सोयाबीन वाणं आसपासच्या देशांतही पेरली जातात.

२०११ मध्ये संघाने डॅन्यूब प्रदेशासाठी एक धोरण आखलं, त्यात १४ देश आहेत. सदस्य आणि बाहेरचे एकत्र. शेजारच्या प्रदेशांनी मिळून काम करावं म्हणून 'इंटररेग' नावाचा निधीही आहे. बैठका, चाचणीची शेतं, शेतकऱ्यांच्या शिवारफेऱ्या यांना त्यातून पैसा मिळू शकतो. पण युक्रेनचा माल म्हटला की पोलंड-हंगेरीचे शेतकरी रस्त्यावर येतात, हे २०२३ मध्ये धान्याच्या बाबतीत सगळ्यांनी पाहिलं. सहकार्याची भाषा आणि शेजाऱ्याच्या स्वस्त मालाची धास्ती, दोन्ही एकाच घरात नांदतात.

फ्रान्स, जर्मनी, डेन्मार्क हे आपापल्या पातळीवर काय करतात?

जर्मनीने २०१२ मध्ये प्रथिनपिकांचं धोरण आणलं. त्यातला चांगला भाग म्हणजे प्रात्यक्षिक शेतांची जाळी: सोयाबीनचं एक, ल्युपिनचं एक, वाटाणा-फाबाचं एक. शेतकऱ्याने शेतकऱ्याला दाखवायचं.

फ्रान्सने डिसेंबर २०२० मध्ये १० कोटी युरोंचा कार्यक्रम जाहीर केला. द्विदल पिकांचं क्षेत्र २०३० पर्यंत सुमारे १० लाख हेक्टरांवरून २० लाखांवर न्यायचं, म्हणजे शेतजमिनीच्या ८ टक्क्यांवर. त्याआधीच ब्रिटनी आणि पेई द ला ल्वार या दोन शेजारी विभागांनी 'एसओएस प्रोटीन' नावाने एकत्र काम सुरू केलं होतं. त्यांचा भर सोयाबीनवर नव्हता. लसूणघास, क्लोव्हर आणि गवत नीट वापरलं तर गाईंची आयात पेंड किती कमी होते, हे त्यांना पाहायचं होतं. मला हा मार्ग जास्त शहाणा वाटतो, निदान गाईंसाठी. गाय गवतातून प्रथिन काढते, कोंबडीला ते जमत नाही.

नेदरलँड्सने २०२० मध्ये राष्ट्रीय प्रथिन धोरण काढलं आणि २०२२ मध्ये शेतकरी, कारखाने, विक्रेते यांच्यात 'बीन डील' नावाचा सामंजस्य करार झाला. डेन्मार्कचं वेगळं: २०२३ मध्ये त्यांनी वनस्पतिजन्य अन्नाचा राष्ट्रीय कृती आराखडा आणला, असा आराखडा करणारा तो पहिला देश. डुकरांच्या मांसावर पोसलेल्या देशाने हे करावं, यावर तिथेही बरीच चर्चा झाली. त्यांचा निधी स्वयंपाक्यांच्या प्रशिक्षणावरही खर्च होतो.

शेतकऱ्याला हे परवडतं का?

एका वर्षाचा हिशेब मांडला तर बहुतेक ठिकाणी नाही. गहू आणि मका एकरी जास्त देतात, त्यांचं उत्पादन बेभरवशाचं नाही, त्यांना गिऱ्हाईक घरबसल्या मिळतं. फाबा बीनला भुंगा लागतो, आणि भोकं पडलेला दाणा माणसांच्या खाण्यासाठी कोणी घेत नाही. गंमत अशी, की प्रथिनांची ओरड करणारा युरोपच फाबा बीन इजिप्तला निर्यात करत आला आहे, तिथल्या 'फूल' या न्याहारीसाठी.

चार वर्षांचा हिशेब मांडला की चित्र पालटतं. कडधान्याचा बेवड चांगला, हे आपल्याकडे कोणा शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही. तिथेही वाटाणा-फाबानंतरच्या गव्हाला नत्र कमी लागतं आणि उतारा चांगला येतो, रोग-तणांचं चक्र मोडतं. २०२१-२२ मध्ये वायूचे भाव चढले, युरिया-अमोनियम नायट्रेट आवाक्याबाहेर गेलं, तेव्हा हा फायदा अचानक सगळ्यांच्या डोळ्यांत भरला. नंतर खत उतरलं आणि उत्साहही.

संघाच्या २०२३-२७ च्या शेती धोरणात देश आपल्या थेट अनुदानातला १३ टक्क्यांपर्यंत भाग विशिष्ट उत्पादनांशी जोडू शकतात आणि प्रथिनपिकांसाठी वेगळे २ टक्के. बहुसंख्य देश ते वापरतात. पण हेक्टरी अनुदान पेरणीसाठी मिळतं, विक्रीसाठी नाही. माझं मत विचाराल तर तीन-पाच वर्षांचा खरेदी करार हा अनुदानापेक्षा भारी पडतो. शेतकऱ्याला पुढच्या वर्षी कोण घेणार हे कळलं की तो जोखीम घेतो.

मग अडतं कुठे?

मधल्या टप्प्यात. कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिन, म्हणजे प्रथिनं पचवणारा पाचकरस, रोखणारं द्रव्य असतं. भाजल्याशिवाय ते डुकरं-कोंबड्यांना घालता येत नाही. मोठ्या गिरण्या बंदरांवर आहेत आणि त्यांना जहाजभर माल एकसारखा लागतो. वीस शेतकऱ्यांचं, वेगवेगळ्या ओलाव्याचं, जनुकबदल नसलेलं सोयाबीन वेगळं ठेवून गाळणं त्यांना परवडत नाही. म्हणून ऑस्ट्रिया, बव्हेरिया, उत्तर इटली, सर्बिया इथे लहान-मध्यम भाजणी आणि गाळप केंद्रं महत्त्वाची ठरली. ओला माल वाळवायचा, वेगळ्या कणग्यांत साठवायचा, तपासायचा, भाजायचा, आणि हे सगळं शेतापासून ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या टप्प्यात. शेतकरी एकवेळ नवं पीक दोन हंगामांत शिकतो. कणग्या, ड्रायर आणि ते चालवणारी सहकारी संस्था उभी राहायला दहा वर्षं जातात.

माणसांच्या अन्नासाठीही तेच. वाटाण्यातलं प्रथिन वेगळं काढलं की मागे स्टार्च आणि तंतू उरतात, आणि वजनात तेच जास्त. त्यांना गिऱ्हाईक नसेल तर प्रथिनाचा भाव बसत नाही. फ्रान्सची रोकेत आणि बेल्जियमची कोसुक्रा यांच्यासारख्या मुरलेल्या कंपन्यांना हे जमतं, कारण स्टार्च आणि तंतूंचा धंदा त्यांच्या हातचा आहे. नवख्यांना इथेच फटका बसतो.

लोकांच्या जेवणात याचा किती भाग जातो?

थोडा. २०१८ च्या अहवालाप्रमाणे वनस्पतिजन्य प्रथिनांपैकी आकारमानाने ९३ टक्के पशुखाद्यातच जात होती. अन्नाचा हिस्सा लहान असला तरी नफा तिथे जास्त, म्हणून चर्चा त्याचीच होते. फिनलंडमध्ये २०१६ च्या सुमारास फाबा बीनचं 'हार्किस' आणि ओट-द्विदलांचं 'न्यूह्तोकाउरा' ही खिम्यासारखी उत्पादनं आली आणि घराघरांत पोहोचली.

नावांवरून भांडणं चालू आहेत. जून २०१७ मध्ये युरोपीय न्यायालयाने सांगितलं, की वनस्पतिजन्य पदार्थाला 'दूध', 'चीज', 'लोणी' म्हणून विकता येणार नाही. 'बर्गर', 'सॉसेज' या शब्दांवरूनही संसदेत खडाजंगी झाली. जुन्या खाद्यपरंपरा मात्र या वादाबाहेर आरामात आहेत: फ्रान्सची ल प्युईची हिरवी मसूर, स्वीडनच्या दक्षिणेकडच्या ओलांद बेटावरचा तपकिरी घेवडा, ग्रीसच्या सांतोरिनीची 'फावा'. ही फावा म्हणजे फाबा बीन समजू नका, ती लाख-वर्गातल्या द्विदलाची डाळ आहे. भंडारा-गोंदियाच्या वाचकांना लाखोळी आठवेल. ती तिची चुलत बहीण.

जनुकबदल केलेल्या सोयाबीनबद्दल युरोपची भूमिका दुटप्पी नाही का?

आहे, बरीचशी. शेतात एकच जनुकबदल केलेलं पीक पेरलं जातं, मक्याचा एक वाण, तोही मुख्यतः स्पेन आणि पोर्तुगालमध्ये. पण ब्राझील, अर्जेंटिना, अमेरिका इथून येणारं जनुकबदल केलेलं सोयाबीन, मंजुरी असेल तर, खाद्यात चालतं. ते खाल्लेल्या कोंबडीच्या अंड्यावर तसं लिहावं लागत नाही. या फटीतूनच 'जनुकबदलमुक्त' शिक्क्यांचा बाजार जन्माला आला, जर्मनीत आणि ऑस्ट्रियात विशेष.

जंगलतोडीचा नवा कायदा यात कुठे बसतो?

२०२३ च्या या नियमानुसार सोयाबीन, पेंड, गुरं, पामतेल, कोको, कॉफी, रबर, लाकूड हे ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडलेल्या जमिनीवरचं नाही, हे दाखवावं लागणार आहे. जमिनीच्या तुकड्याचे अक्षांश-रेखांशही द्यावे लागतील. अंमलबजावणी दोनदा पुढे ढकलली गेली. लागू झाला की डॅन्यूबकाठच्या सोयाबीनचा फायदाच आहे, कारण मालाचा माग ठेवण्याची सवय तिथे आधीच लागली आहे.

इतकं सगळं केल्यावर आयात थांबेल का?

नाही. आजच्या इतकी डुकरं-कोंबड्या ठेवून आयात शून्यावर आणायची तर गव्हा-मक्याची प्रचंड जमीन सोयाबीनला द्यावी लागेल, मग गहू बाहेरून आणा. संघात सोयाबीनचं क्षेत्र २०१३ नंतर वाढलं, ऑस्ट्रियात ते ९० हजार हेक्टरांच्या आसपास गेलं. तरी एकूण गरजेपुढे हा वाटा लहानच. जनावरांची संख्या कमी करा, असं पर्यावरणवादी म्हणतात आणि गणित त्यांच्या बाजूने आहे. पण निवडणुका ब्रिटनीतही होतात.

यात महाराष्ट्राचा काही संबंध आहे का?

आहे, आणि तो आपण समजतो त्यापेक्षा जवळचा आहे. भारतात सोयाबीन जनुकबदल न केलेलंच पेरलं जातं; मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र ही दोन मुख्य राज्यं. इथली सोयापेंड, म्हणजे व्यापाऱ्यांच्या तोंडची डीओसी, फ्रान्स, जर्मनी, नेदरलँड्स इथे जाते ती याच गुणामुळे. तिथे तिची स्पर्धा ब्राझीलच्या स्वस्त पेंडीशी कमी आणि डॅन्यूबकाठच्या शिक्कामोर्तब झालेल्या मालाशी जास्त आहे.

आता वर सांगितलेला जंगलतोडीचा नियम लातूरच्या बाजार समितीत आणून पाहा. दोन-चार एकरवाल्या शेकडो शेतकऱ्यांचा माल आडतीवर येतो, एका ढिगात मिसळतो, तिथून तेल गिरणीत जातो. मराठवाड्यात सोयाबीनसाठी कोणी जंगल तोडलेलं नाही, पण ते सिद्ध करायला ढिगातल्या प्रत्येक पोत्याचं शेत सांगता आलं पाहिजे. युरोपच्या खरेदीदाराला मालाच्या गुणवत्तेपेक्षा हा कागद आधी लागेल. शेतकरी उत्पादक कंपन्यांनी गट नंबर आणि नकाशा यांची नोंद आत्तापासून ठेवली तर त्यांना आडतीच्या भावावर काही मिळवता येईल. सगळ्यांना जमेल असं मला वाटत नाही, पण ज्या कंपन्या बीजोत्पादन करतात त्यांच्याकडे अशा नोंदींची सवय आहे.

पिवळ्या वाटाण्याचीही एक आठवण द्यायला हवी. फ्रान्सचा वाटाणा एके काळी भारतात येत असे. आता आपली आयात मुख्यतः कॅनडा आणि रशियाकडून होते.

या विषयात शिकायचं, काम करायचं तर कुठे पाहावं?

वाणनिर्मितीसाठी नोव्ही साद आणि होहेनहाइम, पीकपद्धती आणि आंतरपिकांसाठी फ्रान्सची इनरे ही संशोधन संस्था, अन्नप्रक्रिया आणि धोरणासाठी नेदरलँड्सचं वाखेनिंगन विद्यापीठ, वनस्पतिजन्य प्रथिनांच्या प्रकल्पांसाठी आयर्लंडचं कॉर्क. द्विदल पिकांवरची शेतकऱ्यांसाठीची सोपी टिपणं 'लेग्यूम्स ट्रान्सलेटेड' या युरोपीय प्रकल्पाने गोळा केली, ती इंग्रजीत मोफत वाचता येतात. जर्मन किंवा फ्रेंच कामचलाऊ येत असेल तर शिवारफेऱ्यांत शेतकऱ्यांशी थेट बोलता येतं, आणि नोकरी मागायला गेल्यावर त्याचा उपयोग पदवीइतकाच होतो.